खंडेनवमीआधी रायफलच्या लाकडाकडे बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमीला तीन आठवडे उरले आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अनेक मराठी घरांत त्या दिवशी तलवार-कट्यारीबरोबर परवान्याची जुनी रायफलही पाटावर येते. आणि दरवर्षी याच सुमारास एक वाईट प्रकार होतो. ‘पूजेआधी जरा नवी करून घेऊ’ म्हणून ती रायफल फर्निचरवाल्या सुताराकडे किंवा रंगाऱ्याकडे जाते. तिथे पॉलिश पेपर फिरतो, वर मेलामाइनचा चकचकीत थर बसतो, आणि हल्लीच्या आवडीप्रमाणे पुढचं लाकूड कापून ती ‘मॉडर्न’ही केली जाते. ऐंशी वर्षं टिकलेलं अक्रोडाचं लाकूड एका दुपारीत बाद होतं. हे थांबावं आणि ज्यांना स्वतःच्या हातांनी काही करायची हौस आहे त्यांनी ते नीट करावं, यासाठी हे पत्र.

आधी कोणत्या रायफलबद्दल बोलतो आहोत ते सांगतो. फौजेतली जुनी ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजे १९०७ साली आलेली ली-एनफिल्ड मार्क तीन, इच्छापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनली. तिचा बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, निषिद्ध गटात मोडतो, त्यामुळे ती साध्या परवान्यावर घरी ठेवता येत नाही. ती दिसते ती संस्थांमध्ये, स्मारकांत, काचेच्या कपाटांत. घरांत असते ती .३१५ बोअरची. इंग्रजांना फौजेचं काडतूस सामान्य माणसाच्या बंदुकीत चालायला नको होतं, म्हणून ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर वेगळ्या काडतुसाची ही शिकारी रायफल बनवली गेली. सांगाडा एकच असल्यामुळे दोघींची दुखणी सारखी आहेत. लाकूड एकसंध नाही. मागचा दस्ता वेगळा आणि पुढचं लाकूड वेगळं, मधे लोखंडी खोबण. फौजी रायफलीत नळीवरची दोन झाकणं धरून एकूण चार तुकडे होतात.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारक कारागीरच करू शकतो, आणि कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. म्हणून लाकूड उतरवणं आणि पुन्हा चढवणं त्याच्याकडूनच करून घ्यावं. रायफल त्याच्याकडे ठेवावी लागली तर जमा पावती घ्यावी आणि घरी फक्त लाकूड आणावं. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा), चाप, नळी, निशाणीचा पत्रा यांना हौसेचा हात लावूच नये. दुर्बीण बसवायला वरून भोकं पाडणंही त्यातच आलं. लाकडावर मात्र करण्यासारखं भरपूर आहे आणि ते काम मन लावून करण्याजोगं आहे.

पुढचं लाकूड कापू नये, याचं कारण दिसण्यापुरतं नाही. फौजी रायफलीत ते लाकूड नळीला ठरावीक जागी आधार देतं. टोकाजवळ स्प्रिंगवरची एक लहान खुंटी नळीला खालून हलकेच वर दाबते आणि मधला पट्टा तिला धरून ठेवतो. लाकूड कापलं की हा सगळा हिशेब बिघडतो आणि निशाण सरकतं. युद्धानंतर विलायत-अमेरिकेत अशा हजारो रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि हौसेने कापल्या गेल्या. आज तिथलेच लोक न कापलेल्या रायफलीला जास्त किंमत देतात आणि कापलेल्यांसाठी जुनं लाकूड शोधत फिरतात.

काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढावं, बोल्ट उघडावा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघावं आणि बोटानेही चाचपावं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग लाकडावरचे शिक्के शोधावेत. दस्त्याच्या वरच्या अंगाला, मागच्या पत्र्याजवळ कधी एक अक्षर असतं. एल म्हणजे अर्धा इंच लांब, एस म्हणजे अर्धा इंच आखूड, बी म्हणजे एक इंच आखूड. काहीच नसेल तर मधलं माप. पुढच्या लाकडाच्या टोकाखाली बऱ्याचदा रायफलचा नंबर ठोकलेला सापडतो. इच्छापूरच्या पुष्कळ लाकडांत मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू आरपार दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून तो कारखान्यानेच घातलेला आहे. त्याला कोणाची जुगाड दुरुस्ती समजून काढू नये. प्रत्येक शिक्क्याचा तिरप्या उजेडात फोटो घ्यावा. पॉलिश पेपर सगळ्यात आधी खातो ते हे शिक्के. एकदा गेले की परत येत नाहीत.

लाकूड उतरवताना सगळ्यात मोठा घोटाळा दस्त्याच्या लांब बोल्टपाशी होतो. दस्ता एका लांब बोल्टने लोखंडी खोबणीत आवळलेला असतो आणि मागच्या पितळी पत्र्यातलं झाकण उघडलं की लांब पेचकस आत जातो. तो दिसला की हात शिवशिवतात. पण मार्क तीनमध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पट्टीसकट लाकूड फोडतं. कपाटातल्या जुन्या रायफलींत त्या जागी उभी चीर दिसली तर बहुधा कारण हेच असतं. म्हणून क्रम असा. आधी टोकाचा लोखंडी मुखवटा आणि पट्टे, मग चापाच्या कड्याचे स्क्रू, मग पुढचं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी दस्त्याचा बोल्ट. .३१५ मध्येही हाच क्रम धरावा. बोल्टच्या भोकात चामड्याची किंवा नमद्याची एक गुंडी दडपलेली असते. ती आधी आकड्याने ओढून काढावी लागते, नाहीतर पेचकस तिच्यावरच फिरत राहतो आणि बोल्ट निघत नाही असं वाटतं.

काम कारागिराचं असलं तरी तिथे उभं राहून दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. मधल्या पट्ट्याच्या स्क्रूबरोबर एक लहान स्प्रिंग असते, आणि चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. हे दोन्ही जमिनीवर पडून हरवतात. नळकांडी नसताना स्क्रू आवळला तर लोखंड लाकूड चेपत जातं, दर वेळी थोडं अधिक आवळावं लागतं आणि शेवटी पुढचं लाकूड डुगडुगायला लागतं. पेचकसाचं पातं स्क्रूच्या खाचेइतकंच रुंद आणि समांतर घासलेलं हवं. गॅरेजमधल्या निमुळत्या पात्याने खाचा खाल्ल्या जातात, आणि खाचा खाल्लेला स्क्रू पुढच्या वेळी निघत नाही.

आता खरं काम. जुनं लाकूड काळपट दिसतं, ते वयामुळे कमी आणि मुरलेल्या मशीन तेलामुळे जास्त. रायफल नळी वर करून उभी ठेवली की नळीतलं आणि बोल्टवरचं तेल वर्षानुवर्षं खाली उतरतं आणि खोबणीजवळच्या लाकडात मुरतं. खनिज तेलाने लाकडाचे तंतू मऊ पडतात. गोळीचा धक्का झेलणाऱ्या जागा याच. तिथलं लाकूड चेपलं की धक्का भलत्याच जागी बसतो आणि चिरा पडतात. म्हणून आधी तेल बाहेर काढायचं.

त्यासाठी खडूची बारीक पूड किंवा मुलतानी माती, साधारण अर्धा किलो, आणि ती दह्यासारखी कालवण्यापुरतं मिनरल टर्पेंटाइन. हा लेप तीन-चार मिलिमीटर जाड द्यावा आणि लाकूड उन्हात ठेवावं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं आपलं ऊन यासाठी उत्तम. दोन-तीन तासांत लेप सुकतो आणि तपकिरी होतो, कारण गरम झालेलं तेल पातळ होऊन मातीत चढतं. मऊ ब्रशने झाडून पुन्हा लेप द्यावा. खोबणीजवळच्या भागाला चार-पाच वेळा लागतं, बाकीच्याला दोनदा पुरतं. लेप पांढराच राहू लागला की थांबावं. मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना हे करू नये. लाकूड एकदम सुकतं आणि कडेला तडे जातात. काम उघड्यावर करावं, जवळ विडी-काडी नको.

कॉस्टिक सोड्याचा मार्ग कोणी सुचवेल. त्याने तेल निघतं आणि लाकडाचं सत्त्वही निघतं. पृष्ठभाग राखाडी आणि केसाळ होतो, मग तो घासावा लागतो, आणि घासल्यावर लाकूड लोखंडापेक्षा खोल जातं. फौजी लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा किंचित उंच असतं. बोट फिरवलं की ती कड जाणवते. बोट लाकडावरून लोखंडाकडे जाताना वर चढत असेल, तर आधी कोणीतरी ते घासून घेतलं आहे असं समजावं.

खड्ड्यांसाठी पॉलिश पेपर नको, वाफ हवी. सुती फडकं भिजवून पिळावं, खड्ड्यावर एकेरी ठेवावं आणि गरम इस्त्रीचं टोक पाच ते दहा सेकंद टेकवावं. चेपलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि खड्डा वर येतो. तीन-चार वेळा करावं, मधे पूर्ण सुकू द्यावं. जिथे तंतू तुटले आहेत, म्हणजे काप गेला आहे, तिथे वाफेचा उपयोग नाही. तो व्रण तसाच राहू द्यावा. शिक्क्यांच्या आसपास मात्र इस्त्री नेऊच नये. शिक्का म्हणजे दाबून केलेला खड्डाच, तोही फुगून वर येतो.

शेवटची घासणी तरटाच्या तुकड्याने, तंतूंच्या दिशेने. भांडी घासायची लोखंडी घासणी वापरू नये. तिचे कण लाकडात अडकतात आणि अक्रोडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की निळे-काळे ठिपके उमटतात.

चीर लहान असेल तर ती घरी बुजवता येते. चिरेतलं तेल ॲसिटोनने दोन-तीनदा धुऊन काढावं आणि एक दिवस सुकू द्यावं. मग सावकाश बसणारं दोन भागांचं इपॉक्सी डबे कोमट पाण्यात ठेवून पातळ करावं आणि सुईने आत सोडावं. चीर किंचित उघडून-मिटून ते आत ओढू द्यावं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी आणि २४ तास हात लावू नये. शिक्के नसतील अशा जागीच पट्टी आवळावी. सुतारकामाचा पांढरा डिंक तेलकट लाकडाला धरत नाही, आणि झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असल्यामुळे पहिल्याच धक्क्यात सुटतो. मनगटाची जागा, म्हणजे दस्ता जिथे निमुळता होऊन खोबणीत शिरतो तिथे चीर असेल, तर ती घरी दुरुस्त करू नये. ती रायफल चालवूही नये.

मग तेल. कारखान्यातून ही लाकडं जवसाच्या तेलात मुरवून येत. व्हार्निशचा थर त्यांच्यावर कधीच नव्हता. आपल्याला हवं ते कच्चं जवसाचं तेल, दाल बाजारात अलसीचं म्हणून मिळतं ते. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ नको. त्यात सुकवणारी रसायनं असतात, ते आत मुरण्याआधी वर कातडं धरतं. चार तुकड्यांना वर्षभर पाव लिटर पुरून उरतं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून द्यावा, सगळं मिळून २०-२५ मिलिलिटर. पुढचे हात निव्वळ तेलाचे, ५ ते ८ मिलिलिटरचे. तळहाताने घासावं, हाताला ऊब जाणवेपर्यंत. अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसून काढावं. पुसायचा आळस केला तर पृष्ठभाग गुळासारखा चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा, एवढा धीर लागतो. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून त्याला घाई चालत नाही. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत तेच तेल ओलसर राहून बुरशी धरतं.

नळीच्या खालची आतली खाच आणि तुकड्यांची उघडी टोकं यांनाही तेल द्यावं, टोकांना जरा जास्तच. बाहेरून बंद आणि आतून कोरडं लाकूड पावसाळ्यात एकाच अंगाने पाणी पितं, वाकतं आणि नळीला एका बाजूने ढकलतं. ‘पावसाळ्यात निशाण सरकतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. मेलामाइन आणि पॉलियुरेथेनचं दुखणंही हेच. स्क्रूच्या भोकांतून ओल आत शिरते आणि थरामुळे बाहेर पडू शकत नाही. दोन पावसाळ्यांत पांढरे डाग आणि पापुद्रे सुरू होतात.

यात एक धोका आहे, तो कृपया ठळकपणे छापावा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत किंवा कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. काम झालं की प्रत्येक फडकं तारेवर एकेरी पसरावं किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मग फेकावं.

लाकूड परत चढवायला हा ऋतू बरा. मे महिन्यात लाकूड आटलेलं असतं, ऑगस्टमध्ये फुगलेलं. मेमध्ये करकचून आवळलेला दस्त्याचा बोल्ट ऑगस्टमध्ये लाकूड चेपतो. ऑक्टोबर मधला. तीन आठवड्यांची वाटणी सांगायची तर पहिला आठवडा लेपाचा, दुसरा वाफेचा आणि चिरांचा, तिसऱ्यात पाच दिवस तेल आणि पूजेआधीचे दोन दिवस नुसती हवा. चीर मोठी निघाली तर काम दिवाळीनंतर घ्यावं. पूजेसाठी म्हणून ती घाईने चिकटवू नये.

निवडणुकांचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे जुन्या लाकडाचं आणि लोखंडाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. नोव्हेंबर २०२३ ची मध्य प्रदेश विधानसभा आणि पाठोपाठ २०२४ ची लोकसभा, दोन्ही वेळी परवान्याची शस्त्रं काही महिने जमा राहिली. जमा करताना लोखंडाला तेलाचा पातळ हात द्यावा, तेलकट कागद गुंडाळावा, वर सैल सुती कापड घालावं. रेक्झिनचं किंवा चामड्याचं कव्हर घालू नये, ते ओल धरून ठेवतं. चिठ्ठी तारेने न बांधता सुती दोऱ्याने चापाच्या कड्याला बांधावी. चारी बाजूंचे तारखेसह फोटो काढावेत आणि पावतीवर ‘लाकडावर ओरखडे नाहीत’ अशी एक ओळ लिहून देण्याची विनंती करावी. जमा करून घेणाऱ्यांनाही विनंती, की शस्त्रं जमिनीवर एकावर एक न रचता भिंतीलगत लाकडी खाचांच्या मांडणीत उभी ठेवावीत. एक फळी आणि करवत एवढाच त्याचा खर्च आहे.

ज्या शाळा-संस्थांकडे निकामी केलेल्या थ्री-नॉट-थ्री प्रदर्शनात आहेत, त्यांनी २६ जानेवारीच्या आधी त्यांना ऑइलपेंट फासणं बंद करावं. लाकडाला वर्षातून एकदा चमचाभर जवसाचं तेल आणि लोखंडाला तेलाचा बोळा, बस. पितळी पत्र्याला ब्रासो लावायचाच असेल तर कडेला कागदी टेप चिकटवून. तो लाकडाच्या रेषांत शिरला की पांढरा होऊन बसतो आणि निघत नाही.

आणि पूजेचं. हळदकुंकू ओलं करून थेट नळीवर किंवा बोल्टवर लावतात, फुलं वाहतात, दोन-दोन दिवस तसंच ठेवतात. ओल्या कुंकवाखाली एका रात्रीत गंजाचा ठिपका धरतो, आणि कुंकवाचा रंग नव्याने तेल पाजलेल्या अक्रोडात उतरला तर कायमचा राहतो. रायफलपुढे विड्याचं पान आणि सुपारी ठेवावी, कुंकू सुपारीला लावावं. आपट्याची पानं आणि झेंडू पाटावर, शस्त्राला न टेकता. बोटभर कुंकू शस्त्राला लागलंच पाहिजे असा घरचा रिवाज असेल तर ते कोरडं, चापाच्या कड्यावर लावावं आणि त्याच संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसावं. नळीला आतून एनसीसीत शिकवतात तशी आधी चार बाय दोन इंचाची कोरडी चिंदी, मग चार बाय दीडची तेलाची. मग रायफल कपाटात, बोल्ट वेगळ्या कुलपात. उभी ठेवायची तर दस्ता वर आणि नळी खाली, तोंडाखाली जाड फडक्याची घडी. म्हणजे तेल लाकडाकडे न उतरता फडक्यात येईल.

आपला नम्र,
जुन्या शस्त्रांच्या निगेचा एक अभ्यासक
लष्कर, ग्वाल्हेर